फुकटचा खेळ, पण तारीख पक्की

आरोंद्याहून आम्ही बोलतोय.

आजचा विषय आहे मोबाइलवरचे खेळ. हे ऐकून काही जणी रेडिओ बंद करायला उठल्या असतील, तर जरा थांबा. मुलांनी फोन किती वेळ धरावा, डोळ्यांचं काय होतं, हे आज बोलायचं नाही. आज बोलायचंय ते खेळ बनतात कसे यावर. त्यातही जे खेळ पगार न घेता, निरनिराळ्या देशांतली माणसं हौसेनं मिळून बनवतात, ते पुरे कसे होतात आणि 'आता द्या लोकांच्या हातात' हे कोण, कधी, कशावरून ठरवतं, यावर. आपला संबंध कुठे येतो तेही सांगतो. आधी एवढंच लक्षात ठेवा, की अशा खेळात मराठीला आत शिरायला थोडेच दिवस मिळतात. ते चुकले की पुढच्या खेपेपर्यंत वाट बघत बसायचं.

आपल्या घरातल्या फोनवर बहुतेक कसले खेळ असतात? मूल चेंडू उडवतं, मध्येच जाहिरात येते, मूल कुठेतरी बोट लावतं आणि भलतंच काही उघडतं. हे खेळ फुकट दिसतात, पण जाहिरातीवर चालतात. दुसऱ्या जातीचे खेळ असतात त्यांना मुक्त-स्रोत म्हणतात. मसाल्याचं उदाहरण घ्या. बाजारातल्या पुडीवर 'गुप्त कृती' असं लिहिलेलं असतं. समजा एखाद्या बाईनं पुडीबरोबर सगळी कृती लिहून दिली, मिरच्या किती, धणे किती, काय आधी भाजायचं, आणि म्हटलं, तुम्हीही करा, त्यात फरक करा, विका, वाटा. अट एकच, तुम्ही फरक केलात तर तुमचीही कृती झाकून ठेवू नका. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे हेच. ही शेवटची अट सगळीकडे नसते, पण आज ज्या खेळांची नावं घेणार आहोत तिथे ती आहे.

आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "ह्यां फुकट कोण करता गो?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की करतात. जीकॉम्प्री नावाचा एक संच आहे, लहान मुलांसाठी, साधारण दोन ते दहा वर्षांच्या. फ्रेंचमध्ये 'मला समजलं' म्हणायचं असेल तर जो उच्चार होतो, त्यावरून हे नाव. ब्रुनो कुदुआँ या फ्रान्समधल्या प्रोग्रॅमरनं २००० साली तो सुरू केला. आज त्यात पावणेदोनशेहून अधिक छोटे खेळ आहेत: अक्षरं, आकडे, घड्याळ, चित्रकोडी, वजनकाटा, बुद्धिबळसुद्धा. जाहिरात एकही नाही. २०२०पासून तो सगळ्या तऱ्हेच्या यंत्रांवर पूर्ण मोफत मिळतो. मूळ माणसानं पुढे सूत्रं दुसऱ्यांच्या हाती दिली, तरी काम चालूच आहे. कोणी चित्रं काढतं, कोणी प्रोग्रॅम लिहितं, कोणी आपल्या भाषेत शब्द आणतं, कोणी आवाज देतं.

आवाजाचं मुद्दाम सांगतो. या खेळात अक्षरं, आकडे, नावं बोलून दाखवली जातात. ते आवाज प्रत्येक भाषेत कोणीतरी बसून रेकॉर्ड केलेले असतात. संगणकासाठी डेबियन नावाची एक मोफत प्रणाली आहे. तिच्यात जीकॉम्प्रीच्या जुन्या रूपासाठी मराठी आवाजांची वेगळी फाइल मिळायची. म्हणजे आपल्यातल्या कोणीतरी कधीतरी माइकसमोर बसून 'क', 'ख', 'एक', 'दोन' म्हटलेलं आहे. २०१४च्या सुमारास हा खेळ नव्या पद्धतीनं पहिल्यापासून लिहायला घेतला. घर मोडून नवं बांधलं की जुनी दारं-खिडक्या थोड्या बसतात, थोड्या तासून घ्याव्या लागतात. खेळाचं नवं रूप आलं की भाषांचंही तसंच होतं. तेव्हा ज्या भाषेची माणसं जागी असतात ती भाषा पुढे जाते.

आपल्या राज्यात मुलांच्या हाती मोफत सॉफ्टवेअर आलं ते काही कालपरवा नव्हे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. त्यावर 'शुगर' नावाची मुलांसाठीची मुक्त प्रणाली होती. पुढच्याच वर्षी त्या प्रणालीचं काम पाहायला स्वयंसेवकांची वेगळी संस्था झाली. यंत्रं जुनी होतात, योजना बदलतात. स्वयंसेवक नवी आवृत्ती काढत राहतात तोवर सॉफ्टवेअर जिवंत राहतं.

तर आवृत्ती काढणं म्हणजे काय? आम्हालाही आधी वाटायचं, झालं काम की बटण दाबायचं. तसं नसतं. पन्नास माणसं, सगळी आपापली नोकरी-घर सांभाळून रात्री दोन तास देणारी. कोणालाही हुकूम सोडता येत नाही, कारण पगारच नाही तर कापणार काय? एकाचं चित्र अर्धं आहे, दुसऱ्याचा नवा खेळ चालतो पण मध्येच अडकतो, तिसऱ्याला 'आणखी एक गोष्ट घालूया' असं वाटतंय. हे वाटणं कधीच संपत नाही. चवथीच्या आधी घराघरात जे चालतं तेच. नेवऱ्या व्हायच्यात, माटवी बांधायचीय, भिंतीला रंग द्यायचाय. फरक एवढाच, की गणपती काही आपली वाट बघत थांबत नाही. चवथीच्या दिवशी तो येतो, आणि भिंत राहिली असेल तर राहते.

सॉफ्टवेअरच्या जगात याबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, आधी तारीख ठरवा. उबुंटू ही मोफत प्रणाली ऑक्टोबर २००४मध्ये पहिल्यांदा आली, तेव्हापासून ती दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला येते. तिचा आकडा म्हणजेच वर्ष आणि महिना. पहिलीचा आकडा ४.१०, म्हणजे २००४चा दहावा महिना. एकदा, २००६ साली, एप्रिलची आवृत्ती दीड महिना लांबली आणि जूनमध्ये आली. तिचा आकडा ६.०६. झालेला उशीर नावातच राहिला. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. आपल्या गटाच्या इतिवृत्तात 'बैठक उशिरा सुरू झाली' असं लिहायला आपण किती का-कू करतो!

दुसरं मत म्हणतं, तयार होईल तेव्हा देऊ. मघाशी नाव घेतलं ती डेबियन याच मताची. तिथे हे चालतं, कारण त्यावर मोठमोठी यंत्रं चालतात आणि कच्चं दिलं तर नुकसान मोठं. पण खेळाच्या बाबतीत काय होऊ शकतं ते 'झिरो ए.डी.'वरून बघा. प्राचीन काळातल्या राज्यांचा हा लढाईचा खेळ, तोही स्वयंसेवकांनी केलेला. त्याच्या आवृत्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं असतात. तेराव्या आवृत्तीचं नाव 'मगध', ती २०१३ची, आणि तिच्यात मौर्यांचं राज्य आलं. २०१८च्या मे महिन्यात तेविसावी आवृत्ती आली. चोविसावी कधी यावी? फेब्रुवारी २०२१. पावणेतीन वर्षं! पंचविसावी मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. सव्विसाव्या अक्षराला क्रम संपला, म्हणून पुन्हा पहिल्या अक्षरावर आले आणि जानेवारी २०२५च्या सत्ताविसाव्या आवृत्तीचं नाव ठेवलं 'अग्नी'. खेळ उत्तम आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण ज्या माणसानं २०१८च्या जूनमध्ये एखादं काम करून दिलं असेल, त्याचं काम खेळणाऱ्यांच्या हातात पडायला पावणेतीन वर्षं लागली. पगारी माणसाला त्याचं एवढं वाटत नाही, महिन्याला पैसे मिळालेले असतात. स्वयंसेवकाला मिळतं ते एवढंच, की आपलं काम कोणीतरी वापरतंय. तेच लांबलं तर माणूस हळूहळू गळतो.

म्हणून आमचं मत पहिल्या बाजूला पडतं. जिथे पगार नाही तिथे तारीख हवी. तारखेला जे तयार ते जाईल, जे नाही ते पुढच्या गाडीनं. सावंतवाडीची गाडी चुकली म्हणून कोणी रडत बसत नाही, कारण पुढची कधी आहे ते ठाऊक असतं. रडू येतं ते पुढची गाडीच ठाऊक नसते तेव्हा.

आता तारखेच्या आधी काय काय होतं ते बघू. आपल्याला बंदी समजायला वेळ लागत नाही. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना समुद्र बंद होतो, का ते किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल: माशांना वाढू द्यायचं असतं. खेळाच्या कामातही अशाच बंद्या लागतात, एकामागून एक. पहिली बंदी नव्या गोष्टींवर. अमुक दिवसानंतर नवा खेळ, नवी युक्ती आत येणार नाही, असलेलंच घासूनपुसून नीट करायचं. दुसरी बंदी शब्दांवर. पडद्यावर दिसणारं एकही वाक्य आता बदलायचं नाही. तिसरी आणि शेवटची म्हणजे, जीवघेणी चूक असेल तरच हात लावायचा, नाहीतर कशालाही नाही.

या तिन्हींत आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ती शब्दबंदी. कारण भाषांतर करणाऱ्यांचं खरं काम तिथून सुरू होतं. बंदी लागली की वाक्यं पक्की झाली. आता दोन-तीन आठवड्यांत, फार तर महिन्यात, ती आपल्या भाषेत आणायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं बंदीनंतर एक वाक्य जरी बदललं, तरी जगातल्या सगळ्या भाषांत तेवढी जागा कोरी होते आणि तिथे इंग्रजी दिसायला लागतं. त्याचा एक शब्द, बाकीच्या तीस-चाळीस भाषांत तीस-चाळीस माणसांना भुर्दंड. म्हणून जाणत्या प्रकल्पांत ही बंदी फार काटेकोर पाळतात. शेवटी बसून मुकाट्यानं काम करणाऱ्यांची ती ढाल आहे. जेवण वाढायला घेतल्यावर कोणी 'भाजीत नारळ घालूया का' विचारलं तर आपण काय म्हणतो? तेच.

आणि एक कडक गोष्ट. बऱ्याच प्रकल्पांत भाषेला उत्तीर्ण व्हायची मर्यादा असते. ठरावीक हिश्शापेक्षा कमी वाक्यं भाषांतरित असतील तर ती भाषा त्या आवृत्तीत घेतच नाहीत. अर्धा खेळ मराठीत, अर्धा इंग्रजीत दिसला तर मूल गोंधळतं, म्हणून. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की कोणी मरमरून निम्मं काम केलं आणि तारीख उलटली, तर त्या वर्षी पडद्यावर मराठी शून्य. मूल भाषांची यादी उघडतं, तिथे मराठी नसते. पहिलीतलं पोर, घरात मालवणी, शाळेत मराठी, त्याला खेळ म्हणतो इंग्रजी वाच. ते चित्र बघून चार दिवस खेळेल, मग पुन्हा तो जाहिरातीवाला चेंडू.

भाषांतर सोपं असेल असं समजू नका, आणि फार अवघड असेल असंही नको. सराव म्हणून आम्ही एका बैठकीत मुलांच्या खेळांत येतील अशी साठेक वाक्यं घेतली. भाषांतर करणाऱ्याला खेळाचा पडदा दिसत नाही, नुसती वाक्यांची यादी समोर येते. 'राईट' असा एकच शब्द. उजवीकडे की बरोबर? 'ऑरेंज'. नारिंगी रंग की संत्रं? 'प्ले'. खेळा की वाजवा? 'लेटर'. अक्षर की पत्र? अशा वेळी अंदाजानं लिहायचं नाही, विचारायचं. विचारायला वेळ हवा, आणि वेळ तारखेच्या आधीच असतो.

मग खरी गंमत आली. जिंकल्यावर इंग्रजीत एकच वाक्य येतं, मुलगा असो की मुलगी. मराठीत काय लिहायचं? 'तू जिंकलास'? म्हणजे खेळणारा मुलगाच असणार असं आपण आधीच धरलं. 'तू जिंकलीस'? मग मुलगा तोंड वेडंवाकडं करेल. यावर आमच्यात पाऊण तास वाद झाला, चहा दोनदा झाला. एक म्हणाली, सगळीकडे 'जिंकलास'च लिहितात, चालतं. दुसरी म्हणाली, चालतं कारण आपण चालवून घेतो. शेवटी तोडगा निघाला तो अगदी साधा: 'शाब्बास! जमलं!' यात मुलगाही नाही, मुलगीही नाही, आणि ऐकायला गोड. असंच 'दाबा' की 'दाब', 'निवडा' की 'निवड' यावर झालं. चार वर्षांच्या पोराला कोण अहो-जाहो करतं? आम्ही 'तू' धरलं. शिक्षकांसाठी जे पान असेल तिथे 'तुम्ही'. एकदा ठरलं की ते वहीत लिहून ठेवायचं, नाहीतर पहिल्या खेळात 'दाब' आणि दुसऱ्यात 'दाबावे' असं होतं.

'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'सेव्ह कर'? इथे आमची दोन मतं आजही आहेत. पोरं 'सेव्ह' म्हणतात हे खरं, पण अक्षरं शिकवणाऱ्या खेळात एखादा चांगला मराठी शब्द कानावर पडला तर बिघडलं काय, असं म्हणणाऱ्याही आहेत. मालवणीत करावं का, हाही प्रश्न निघाला. तूर्त शाळेची मराठी आधी, असं ठरलं. आवाज मात्र आपलाच जाईल, आपल्या हेलासकट, आणि त्यात 'ळ' आणि 'ण' ऐकून घ्या!

भाषांतरानंतर तपासणी. इथे प्रोग्रॅम कळायची गरजच नाही. उलट ज्याला काही कळत नाही तोच चांगला तपासनीस, कारण तो कुठेही बोट लावतो. तारखेच्या काही आठवडे आधी चाचणीची प्रत बाहेर काढतात आणि सांगतात, वापरून बघा, मोडून बघा. बनवणाऱ्याकडे बहुधा चांगलं यंत्र असतं. आपल्याकडे पडदा तडकलेला, जागा भरलेला, दोन पोरांनी वापरलेला जुना फोन असतो. त्यावर खेळ चालतो का, हे त्यांना दुसरं कोण सांगणार? त्यातून मराठी म्हणजे मात्रा-वेलांट्यांची भाषा. बटणाची उंची इंग्रजी अक्षराच्या मापानं ठेवली की वरचा रफार कापला जातो, खालचा उकार गायब होतो. 'ओके' दोन अक्षरांत बसतं, 'ठीक आहे' बटणाबाहेर जातं. 'सुऱ्या'मधला अर्धा 'र' कधीकधी भलताच दिसतो. हे मराठी वाचणाऱ्या डोळ्यालाच कळतं.

चूक दिसली तर कळवायची कशी, हे नीट ऐका, कारण पुष्कळ जण नुसतं 'चालत नाही' एवढंच लिहितात. डॉक्टरकडे जाऊन 'बरं नाही' एवढंच सांगितलं तर तो तरी काय करणार? फोन कोणता, खेळाची आवृत्ती कितवी, ते आधी लिहायचं. मग आपण काय काय केलं ते क्रमानं: घड्याळाचा खेळ उघडला, तिसरी पातळी निवडली, काटा फिरवला. मग काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय. शक्य असेल तर पडद्याचा फोटो. आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा होतं का, हे बघून लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालतं, गावातली कॉलेजची मुलगी इंग्रजीत करून पाठवेल. वाणसामानाच्या उधारीची वही जिला चोख ठेवता येते, तिला हे जमायला हरकत नाही.

आलेल्या चुकांचे मग तीन ढीग करतात. पहिल्या ढिगातल्या असताना आवृत्ती देताच येत नाही: खेळ उघडतच नाही, मुलाचं आधीचं काम पुसलं जातं. दुसऱ्यातल्या बाहेर पडल्यावर लगेच दुरुस्त करायच्या. तिसऱ्यातल्या पुढच्या वर्षी. ढीग करणं हेच सगळ्यात जड काम. जिची चूक तिसऱ्या ढिगात गेली तिला वाईट वाटतं, आणि 'नाही, आता नाही' म्हणणारी एक व्यक्ती लागतेच. तिला आवृत्तीची कारभारीण म्हणू. तीही बिनपगारी, आणि शिव्या खाणारी पहिली. बचत गटाच्या सचिव झालेल्या बायकांना हे जास्त सांगायला नको. आमच्या मते हे काम दर खेपेला दुसऱ्याकडे द्यावं, निदान जोडीनं करावं. एकटी तीन खेपा ओढते, चौथ्या खेपेला फोन उचलत नाही.

जोडीची गरज आणखी एका कारणासाठी आहे. अँड्रॉइडच्या खेळाला सहीसारखी एक गुप्त किल्ली असते. नवी प्रत त्याच किल्लीनं शिक्का मारून गेली तरच फोन ती जुन्याच्या जागी घेतो. किल्ली एकाच्याच संगणकात असेल आणि तो संगणक जळला, तर मोठी पंचाईत. गटाच्या बँक खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या का लागतात, हे आपण कधीच शिकलोय.

तयार झालेली प्रत लगेच सगळ्यांच्या हातात द्यायची की नाही, याचाही विचार असतो. 'वेसनॉथ' नावाचा एक जुना स्वयंसेवी खेळ आहे, २००३पासून चालू असलेला. त्यांची रीत आम्हाला पटली. आवृत्तीचा मधला आकडा सम असेल, १.१६, १.१८, तर ती घरी खेळायची, पक्की. विषम असेल, १.१७, तर ती प्रयोगाची, बिघडली तर बोलायचं नाही. बिडाच्या तव्यावरचं पहिलं घावन आपण पाहुण्याला वाढतो का? पण ते टाकल्याशिवाय तवा तापला का तेही कळत नाही.

एक छोटी गोष्ट वेळेची. हे लोक जगभर पसरलेले, म्हणून तारीख जागतिक वेळेत सांगतात. आपण तिच्यापुढे साडेपाच तास. 'रविवारी रात्री १२पर्यंत शब्द पाठवा' असं असेल तर आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. चूल पेटवायच्या वेळेपर्यंत मुदत! पण त्यावर विसंबू नका, त्या पहाटे नेमकी वीज जाते.

बाहेर पडल्यावर काम संपत नाही. पहिल्या आठवड्यात हजारो नवे हात लागतात आणि चाचणीत न दिसलेलं दिसतं. म्हणून छोटी दुरुस्तीची आवृत्ती पाठोपाठ येते, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सोबत एक पत्रक असतं, नवं काय, काय सुधारलं, आणि कोणी कोणी हातभार लावला त्यांची नावं. भाषांतर करणाऱ्यांचीही. ही नावं वगळणारा प्रकल्प फार दिवस टिकत नाही, असं आमचं निरीक्षण.

आता आपलं गणित. जीकॉम्प्रीची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०२०मध्ये आली, २५.० जानेवारी २०२५मध्ये. थंडीतली तारीख धरली तर आम्ही पाटीवर उलटं मोजलं. शब्दबंदी दिवाळीच्या पुढेमागे येईल. तेव्हा भातकापणी उरकलेली, नाहीतर उरकत आलेली. त्यानंतर जत्रा आणि दहीकाले सुरू, तेव्हा संध्याकाळी कोणी मिळणार नाही. जुलैत लावणी, हात चिखलात. चवथीचे दिवस सोडाच. म्हणजे आपल्याला खरे मिळतात ते लावणी संपल्यापासून चवथीची गडबड सुरू होईपर्यंतचे तीनेक आठवडे, आणि कापणीनंतरचे थोडे. शब्दबंदीची वाट न बघता जी वाक्यं वर्षानुवर्षं तीच आहेत, आकडे, रंग, प्राणी, 'पुन्हा प्रयत्न कर', ती या तीन आठवड्यांत तपासून ठेवायची. बंदीनंतर फक्त नवी उरतील. जणी आठ, रोज वीस वाक्यं, यापेक्षा जास्त कोणी घेऊ नये. वीस नीट होतात, पन्नासात 'ऑरेंज'चं संत्रं होतं.

आवाजासाठी शांत खोली लागेल. पावसात कौलांवर आवाज येतो, म्हणून ते काम कापणीनंतर. कोणाच्या घरी माळ्याखालची खोली असेल तर कळवा, गोधड्या लटकवून ती बंद करता येते.

येत्या गुरुवारी दुपारी तीनला गटाच्या नेहमीच्या जागी या. फोन चार्ज करून आणा, जुना, पडदा तडकलेला असेल तर तोच आणा. सोबत घरातलं पाच-सहा वर्षांचं एखादं पोरही हवं, पोरगी असेल तर उत्तम, 'शाब्बास! जमलं!' तिला आवडतं की नाही ते तिलाच विचारायचंय.